रामीने निवडलेली बोट

मोखाड्याच्या बाजूला एका धरणापलीकडे रामीचा पाडा आहे. धरण झालं तेव्हा तिच्या सासऱ्याची भाताची खाचरं बुडाली, बाजाराची वाटही बुडाली. तेव्हापासून ती आणि नवरा नवसू लाकडी होडीला वल्ही मारत आले. गेल्या साली सून सुनिताला पहाटे कळा सुरू झाल्या आणि होडी वाऱ्यात अडकली. दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली. मायलेकरं वाचली. घरी आल्यावर रामी म्हणाली, "आता मशीनची बोट घ्यायची. मी चालवीन."

पाड्यावरचा फागू म्हणाला, "बाईनं बोट चालवलेली आजवर पाहिली नाय."

"मग आता बघ," रामी म्हणाली.

अलीकडच्या काठावर एका दुकानदाराकडे फायबरच्या दोन जुन्या बोटी होत्या. लांबी सारखी, इंजिनही सारखंच. निळीचं नाक टोकदार, बूड खोल. पांढरी रुंद, बुडाला सपाट. ठाण्याहून सुट्टीवर आलेला मुलगा देवानंद निळीवर भाळला. "आये, ही एकदम जोरात पळते."

दुकानदार नवसूकडे वळला. "दादा, दोन्ही सारख्याच. पोराला आवडली ती घ्या."

"चालवायची मला हाय. माझ्याशी बोला," रामी म्हणाली. "दोन्ही पाण्यात घाला."

तान्ह्याला नवसूपाशी ठेवून ती सुनिता, देवानंद आणि नाचणीची दोन पोती घेऊन निळीत बसली. दुकानदार बोट चालवत होता. निळी खरंच पळाली. मध्यावर रामी मुद्दाम उठून एका कडेला बसली, तशी बोट कलली आणि सुनिताने पोत्याला मिठी मारली. परतताना काठ दूर असतानाच बूड गाळात रुतलं. सगळे गुडघाभर चिखलातून बाहेर आले. पांढरी सावकाश गेली, पण कडेला बसलं तरी फारशी हलली नाही, आणि थेट कोरड्या काठाला येऊन लागली.

"ही घेणार," रामी म्हणाली.

दुकानदार हसला. "मावशी, ही बैलगाडीसारखी चालते."

"चालू दे. वैशाखात पाणी उतरलं का आमच्याकडे नुसता गाळ राहतो. त्यात बाळ घेऊन सुनिता कशी उतरेल?" ती देवानंदकडे वळली. "तू तर ठाण्याला असशील."

देवानंदने पोती पांढरीत नीट लावली.

पाण्यात तरंगायची जाकिटं माणशी एक मिळाल्याशिवाय ती काठावरून हलली नाही. मग इंजिनची दोरी तिनेच ओढली. तीनदा नुसता धूर आला. दुकानदार मदतीला पुढे झाला, तिने त्याला हातानेच थांबवलं. चौथ्यांदा इंजिन सुरू झालं. सुरुवातीला बोट वाकडीतिकडी गेली, मग सरळ झाली.

आता बाजाराच्या दिवशी पाड्यावरची माणसं तिच्याकडे जागा मागतात. पहिल्याच आठवड्यात फागू आला आणि सवयीने मागे, चालवणाऱ्याच्या जागी, इंजिनपाशी बसायला गेला.

"पुढं बस," रामी म्हणाली. "जाकीट घाल आधी."

फागूने जाकीट घातलं.