उज्जैनची सावली आणि मामाची वाटी

मामेबहिणीचं, मीनलचं लग्न उज्जैनला आणि तेही भर दुपारी, हे कळल्यावर आईने गुडघ्यांचं कारण काढून मला पुढे केलं. मी एका पायावर तयार होते. मामा गेली कित्येक वर्षं ‘एकदा येऊन वेधशाळा बघ’ म्हणून मागे लागला होता.

नाशिकहून बसने इंदूर, तिथून दीडेक तासात उज्जैन. ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. मामा बँकेच्या नोकरीसाठी इथे आला आणि इथलाच झाला. घरी न्यायच्या आधी त्याने टावर चौकात शेव घातलेले पोहे आणि गरम जिलबी पुढ्यात ठेवली.

“दोन्ही एकत्र?” मी विचारलं.

“खाऊन तर बघ. नाशिकला जाऊन याद करशील.”

खरंच करते आहे.

दुपारी वेधशाळा. तिकीट किरकोळ आहे, पण ऊन असतानाच जा, ढगाळ हवेत ही यंत्रं नुसते ओटे वाटतात. उंच जिन्यासारख्या भिंतीची सावली दगडी कमानीवर सरकते आणि वेळ सांगते. मी मोबाइलशी ताडून पाहिलं. सावली जवळपास अर्धा तास मागे होती.

“मोबाइल साऱ्या देशाची वेळ सांगतो,” मामा म्हणाला, “ही उज्जैनची आहे. एके काळी रेखांश इथूनच मोजून राहिले होते लोक.”

मग तो ओट्यावर बसून बोलतच सुटला. इथल्या जुन्या ज्योतिर्विदांकडे दुर्बीण नव्हती. काठी, सावली आणि पाण्यावर तरंगणारी भोकाची वाटी, एवढ्यावर त्यांनी आकाश मोजलं. लोक ग्रहणाला राहू म्हणायचे, हे सावली म्हणायचे. पृथ्वी अधांतरी असून पडत का नाही, तर कुठेही उभे राहा, खाली म्हणजे पृथ्वीच, मग ती पडणार कुठे?

“आकाश कोणासाठी थांबत नाही बघ. राजा असो की भिकारी, सगळ्यांना कायदा एकच. मला यात फार सुकून वाटतो.”

कोणीतरी नुसता विचार करून इथवर पोचलं होतं, या कल्पनेने मलाही भरून आलं. येताना भैरवगढला ठशांच्या छपाईची लाल चादर घेतली. दुकानदाराने बजावलं, “पहले दो-तीन बार अलग धोना, दीदी.”

लग्नात मामाने घटिकापात्र मांडलं होतं. पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली आणि मुहूर्त लागला. वाटीपाशी मामा स्वतः बसला होता, मुठीत कुंकू लावलेल्या अक्षता घेऊन.

वाटी सोडली आणि तेवढ्यात गौरीहरापाशी बसलेल्या मीनलने मला बोलावलं. सौरभची, म्हणजे नवऱ्या मुलाची आजी महाकालच्या गर्दीत अडकली होती.

“ताई, बाबांना सांग ना, जरा थांबा. सौरभला आजींनीच वाढवलंय. तो रडकुंडीला आलाय.”

मी सांगितलं. मामा वाटीवरून नजर न हलवता म्हणाला, “गर्दी आपल्याला माहीत आहे, सूर्याला नाही.”

मला त्याचा मनापासून राग आला.

मीनलने पुन्हा निरोप पाठवला. मामाने मुठीतल्या अक्षता नुसत्या चाळवल्या. मी घड्याळ पाहिलं, चोवीस मिनिटं उलटून गेली होती. वाटी मात्र आरामात तरंगत होती. गुरुजींनी मामाकडे पाहिलं.

“वाटी बुडाल्याशिवाय घटिका भरत नाही,” मामा म्हणाला. गुरुजींना ते मान्य करावंच लागलं.

अखेर आजी आल्या, धापा टाकत पहिल्या खुर्चीत बसल्या. सौरभ बोहल्यावरूनच हसला. मामा वाटीवर वाकला, पाण्यात बोटं घालून काहीतरी चाचपलं, आणि वाटी हळूहळू भरून बुडाली. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी आजींकडेच बघत होते. मामाची बोटं ओली होती आणि कुंकवाने लाल झाली होती.

घरी आल्यावर चादर बाकी कपड्यांत टाकायचा शहाणपणा केलाच. आईचा पांढरा परकर आता गुलाबी आहे. तो वाळत घालताना मामाची लाल बोटं आठवली आणि मी त्याला फोन लावला.

“मामा, वाटीच्या भोकात अक्षतेचा दाणा कसा गेला?”



“भोक बंद असलं की पाणी आत येत नाही. हा पण निसर्गाचाच कायदा आहे ना?”

“आणि आकाश कोणासाठी थांबत नाही, त्याचं काय?”

“आकाश कुठे थांबलं, बाळा? मी फक्त वाटी थांबवली.”