आतल्या बाजूचा चुना

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा सांगायला उठायचो. आजही कुणी अंगारे-धुपारे सुचवले तर हसू येतं. पण हे मी स्वतः पाहिलंय... आणि त्यात माझी बाजू चांगली नाही, हे आधीच सांगतो.

महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यातली गोष्ट. नगरच्या वेशीबाहेर जुन्या घुमटांचा सगळा पट्टा सरकारने संरक्षित ठरवला होता. मी तिथे टेंपररी ओव्हरसियर. आत राहणारी माणसं बाहेर काढायची आणि कमानी दगडाने बंद करायच्या, तेही साहेबांच्या इन्स्पेक्शनच्या आत.

एका घुमटात कासम गवंडी राहायचा. तो दगड बसवी, त्याची बायको हमीदा सांध्यांत चुना भरी. भरून झालं की सांध्याच्या टोकाला अंगठा दाबायची, तिथे छोटा खळगा राही. ती तेव्हा आठ दिवसांची बाळंतीण होती.

"सायेब, चाळीस दिस होऊ द्या," कासम म्हणाला. "मग मीच भिंत घालतो."

"भिंत तूच घालायचीस. पण आजपासून."

खरं सांगतो, हुकूम सोडायची मला मजा यायला लागली होती.

हमीदा बाहेर लिंबाखाली ताडपत्रीत राहिली. चौथ्या दिवशी तापाने गेली. बाळ कासमच्या बहिणीने नेलं. हमीदाला माती देऊन कासम दुसऱ्याच दिवशी कामावर आला आणि उरलेली भिंत त्याने एकट्याने, बाहेर उभं राहून पुरी केली.

आठवड्याने लक्षात आलं, मोजायचा सरकारी टेप आतच राहिलाय. भर दुपारी मी कासमला एक दगड काढायला लावला. हात घातला तर बोटं ओल्या चुन्यात रुतली. डोकं आत घालून भिंतीकडे वळून पाहिलं... वरच्या जाळीतून ऊन येत होतं. आतल्या बाजूचे सगळे सांधे भरलेले — आणि प्रत्येकाच्या टोकाला अंगठ्याचा खळगा.

कासमने हात आत घालून एका खळग्याला बोट लावलं. "तिचा हात हाय. सायेब, भिंत पाडू द्या. बाहेर घेतो तिला."

"उद्या इन्स्पेक्शन आहे. दगड बसव."

"चुना कालवलेला न्हाई."

"कोरडाच बसव."

त्याने कोरडाच बसवला. आमच्या डोळ्यांदेखत दगडाच्या चारही बाजूंनी आतून ओला चुना वर आला, सांधा भरला आणि थांबला. कासमने भिंतीला कपाळ टेकलं. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, भिंतीवर नंबर रंगवायचा होता.

साहेबांना काम आवडलं. मी कायम झालो. कासम पुन्हा कामावर आला नाही.

ती भिंत पाडायला दोन माणसांना फार तर अर्धा दिवस लागला असता. तेवढा मी दिला नाही.