कोरं मनगट
नातीनं नवं परफ्यूम आणलंय. त्यात वाळा, मोगरा आणि प्रयोगशाळेत बनवलेलं कस्तुरीच्या वासाचं रसायन आहे. मी कॉलेजात असताना असलंच मिश्रण औरंगपुऱ्यातल्या म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं माझ्या उजव्या मनगटावर लावलं होतं. गल्ली ओलांडेपर्यंत वास उडाला, म्हणून मी तणतणत परत गेले आणि रागाच्या भरात कोरा डावा हात पुढं केला. डोळे मिटून हुंगत चाचा म्हणाले, “लई मस्त, वाळा अजून ताजा आहे.” माझी चूक मला कळली, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांनाही. “नाक गेलंय, बेटी,” ते पुटपुटले, “कुणाला सांगू नको.” गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, “व्हय चाचा, येतोय की वास.” आता नात दोन्ही मनगटं पुढं करते. “आजी, कुठल्या हाताला लावलंय, ओळख.” मी दोन्ही हुंगते, मला दोन्ही कोरीच वाटतात, आणि मी चाचांसारखे डोळे मिटून घेते.