स्टोअरमामा आणि समुद्राचं सामान

आमच्या घरी उन्हाळ्यात अंघोळीला माणशी अर्धी बादली पाणी मिळायचं. अहमदपूरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, पत्र्याच्या दोन खोल्या, बाबा मोंढ्यात हमाल, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. टँकर आला की शाळा बुडवून मी घागरी घेऊन रांगेत. अशा घरातल्या मुलीनं समुद्राच्या लाटेवर उभं राहायचं ठरवलं, तेव्हा ऐकून हसला नाही असा एकच माणूस मला भेटला. नांदेडच्या आमच्या कॉलेजात खेळाच्या सामानाची खोली सांभाळणारे शिपाई. सगळे त्यांना स्टोअरमामा म्हणत.

मामांची एक खोड साऱ्या कॉलेजला ठाऊक होती. कुठलीही वस्तू स्वतः पारखल्याशिवाय ते हातात देत नसत. दोरीवरच्या उड्यांची दोरी मागितली तर आधी स्वतः दोन उड्या मारत, तेही पन्नाशी उलटल्यावर. बुटाचा तळवा अंगठ्यानं दाबून बघत, जाळीची प्रत्येक गाठ ओढत. पोरं कटकट करायची, "मामा, मॅच संपंल हो." मामा मान वर न करता म्हणायचे, "सामान बोलत न्हाई बाबा. आपणच इचारावं लागतं त्याला."

पोहणं मी आजोळच्या विहिरीत शिकले होते. कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावर बसलेल्या आजोबांच्या हातात. आमच्याकडं शिकणारे सगळे असेच शिकतात. त्या पोहण्यावर कॉलेजच्या संघात जागा मिळाली. शेवटच्या वर्षाला असताना कोकणातल्या एका संस्थेची जाहिरात फोनवर आली. सर्फिंग शिकवणारे प्रशिक्षक तयार करायचे होते. पंधरा दिवसांचं निवड शिबिर, राहणं-जेवण त्यांचं, निवड झाली तर नोकरी. पदवीनंतर माझं काय, या प्रश्नाला घरी एकच उत्तर तयार होतं आणि ते उत्तर उदगीरकडून बघायलाही येऊन गेलं होतं. म्हणून ते शिबिर माझ्यासाठी नुसता खेळ नव्हता.

जाहिरातीखाली नवशिक्यानं घ्यायच्या सामानाची यादी होती. ती मी मामांना वाचून दाखवली. मामा स्टुलावर बसून एकेका वस्तूची किंमत विचारत होते.

"फळी केवढ्याला?"

"मऊ फोमची, शिकाऊ, वीस-पंचवीस हजार."

मामांनी बोटांवर हिशेब केला. "चार शेळ्या येतात तेवढ्यात. फरक इतकाच की शेळीवर उभं राहता येत न्हाई."

पुढं वाचलं तेव्हा कळलं की फळी संस्थाच देणार होती. आपण न्यायच्या वस्तू तीनच. फळीवर छाती घासून सोलते म्हणून अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा सदरा, बारा-पंधराशेचा. पाय घसरू नये म्हणून फळीवर घासायचं मेण, अडीच-तीनशेचं. आणि पडल्यावर फळी लांब वाहून जाऊ नये म्हणून पायाला बांधायची दोरी, दोन-अडीच हजारांची. शिवाय पालथं पडलेल्या स्थितीतून एका झटक्यात उभं राहण्याचा सराव करून यायचं होतं.

मामांनी ते काम स्वतःवर घेतलं. सदरा त्यांनी ओळखीच्या शिंप्याकडून ताणल्या जाणाऱ्या कापडाचा साडेतीनशेत शिवून आणला. मेणाच्या जागी मेणबत्ती चालेल का, म्हणून एक फळकूट मेणबत्तीनं घासलं, चपला काढून त्यावर उभे राहिले आणि सटकून थेट हॉकी स्टिकच्या मांडणीला धरून थांबले. सावरून म्हणाले, "न्हाई जमत. हे इकतच घ्यावं लागतं." सरावासाठी फळी हवी होती. बाद ठरलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलाचा लांबट तुकडा त्यांनी क्रीडा विभागाच्या साहेबांना विचारून कापून घेतला आणि खाली थर्माकोल बांधला. मला वाटतं, त्या महिन्यात माझ्यापेक्षा मामाच जास्त शिबिराला निघाले होते.

दोरीपाशी मात्र ते अडले नाहीत. "दोर तर लई हाय आपल्याकडं," म्हणाले आणि रस्सीखेचीच्या जुन्या दोराचा एक तुकडा काढला. पायाखाली दाबून दोन्ही हातांनी ताणला. तो तसूभर लांबला नाही. मामा खूश झाले. विहिरीचा दोर असाच असावा लागतो. यादीत दोरी पायाला बांधायची लिहिली होती, तरी आम्ही ती कमरेलाच बांधली. पाण्यात दोर कमरेला बांधतात, एवढं तर दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं.

एका सकाळी गावाबाहेरच्या तलावावर गेलो. दोराचं एक टोक फळीला, दुसरं माझ्या कमरेला. वारा होता. मी तीनदा उभी राहिले, चौथ्यांदा पडले आणि जरा जास्त वेळ पाण्याखाली राहिले. मामांना पोहता येत नव्हतं. तरी ते छातीएवढ्या पाण्यात शिरले, फळी धरली आणि विहिरीतून माणूस ओढावा तशी जीव खाऊन ओढली. दोर लांबला नाही, त्यानं मला सरळ फळीवर नेऊन आपटलं. भुवईवर चार टाके पडले. दवाखान्यात मामा भिजल्या कपड्यांनी बाकावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी बाबा एसटीनं आले. माझ्या कपाळाकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "सामान भर. परीक्षेपुरती येत जा इथं." शिबिराला दोन आठवडे राहिले होते. मी घरी गेले आणि शिबिराचं नाव घेणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी मामा अहमदपूरच्या मोंढ्यात आले. मी तेव्हा बाबांचा डबा घेऊन तिथंच होते. बाबांच्या पाठीवर सोयाबीनचं पोतं होतं. ते थप्पीला लागेपर्यंत मामा बाजूला उभे राहिले. मग पुढं होऊन म्हणाले, "दोर मी बांधला होता भाऊ. ताणून बघितला, पक्का हाय म्हणून बांधला. पक्का नको होता तो. ताणला जाणारा पाहिजे होता. मला मालूम नव्हतं, शिबिरवाल्यांना फोन लावून इचारलं तवा कळलं. चूक माझी हाय, पोरीची न्हाई."

बाबा घाम पुसत म्हणाले, "आन तिथं समुद्रात कोण वढणार तिला?"

"तिथं ज्यांना मालूम हाय ते हायत," मामा म्हणाले. "मी न्हाई तिथं. म्हणून तर धाडा म्हणून राहिलो."

मग पिशवीतून त्यांनी खरी दोरी काढली. नवी, निळी, पायाला गुंडाळायचा पट्टा असलेली. एक टोक बाबांच्या हातात दिलं. "वढा." दोन म्हातारे मोंढ्याच्या मधोमध दोरी ओढू लागले. हमाल मंडळी गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "काय पाव्हणं, पोरीच्या नावावर रस्सीखेच लावली का?" दोरी लांबली, ढिली सोडल्यावर परत जागेवर आली. बाबांनी दोनदा करून पाहिलं.

"केवढ्याला पडली?"

"बावीसशे."

"एवढ्याचा नाडा?" बाबा म्हणाले. दोरी त्यांनी हातातून सोडली नव्हती. माझ्याकडं न बघता बोलले, "टाके निघू दे आधी. मग जाऊ दे तिला."

पैसे कुठून आणले ते मामांनी कधीच सांगितलं नाही. मी विचारायला हवं होतं.

आज माझ्याकडं नवशिके येतात आणि काय काय घेऊ म्हणून विचारतात. फळी पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या, असं मी सांगते. सदरा स्वस्तातला चालेल. मेण उबदार समुद्रासाठीचं घ्या, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात ते वितळतं. पण पायाच्या दोरीत पैसे वाचवू नका. आणि तिचा पट्टा, तिचे जोड दर वेळी पाण्यात उतरण्याआधी मी स्वतः ओढून बघते. पोरं कटकट करतात. करू देत.

मामा निवृत्त होऊन भोकरकडच्या आपल्या गावी गेले. दिवाळीला समुद्र बघायला या म्हटलं, तर म्हणाले, "सोयाबीनची रास होऊ दे, मग येतो." रास झाली, पण मामा तापानं गेले. मला पाचव्या दिवशी कळलं. मी त्यांच्या गावी गेले तेव्हा मामींनी चहा ठेवला आणि विचारलं, "ते समुद्राचं सामान कसलं होतं गं माय? महिनाभर ह्यांनी घरात दुसरं काही बोलू दिलं न्हाई." मी जमिनीवर बसून मामींना एकेक वस्तू सांगितली. कशाला लागते, केवढ्याला मिळते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन मग, झालं का तुझं?"

झालं, मी म्हटलं. त्या शिबिरात आम्ही तीस जण होतो आणि सहा निवडले गेले. त्यात मी होते. मी पदवी घेतली, प्रशिक्षकाची परीक्षा पास झाले आणि आज कोकणात पगारावर सर्फिंग शिकवते. आमच्या घरातली ती पहिली पदवी आणि पहिली नोकरी.