येळवशीला उलाळलेलं घर

सकाळी नांदेड सोडलं तेव्हा गल्लीतले सगळे निरोपाला आले होते. आम्ही लातूरलाच निघालो होतो; ते आले होते आमच्या गाडीमागं जे जोडलेलं होतं ते बघायला.

ते माझं चाकांवरचं घर. पाण्याच्या थेंबासारखं: पुढून गोल, मागं निमुळतं होत गेलेलं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो आणि हे वेड डोक्यात शिरलं. गच्चीवर कळक वाकवून त्याची बाहेरची रेषा आखली, प्लायवूडच्या फासळ्या कापल्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला. आत दोघांपुरता बिछाना. मागचं झाकण उचललं की भलामोठा खण बाहेर ओढायचा, आणि त्यात अख्खं स्वयंपाकघर: शेगडी, पाण्याची टाकी, मसाल्याचा डबा, पोळपाट. खणाची उंची माझ्या बायकोनं, सुनंदानं ठरवली. "वाकून फोडणी घालणार नाही," एवढंच ती म्हणाली होती.

हा सगळा खटाटोप अक्कांसाठी. अक्का म्हणजे सुनंदाची थोरली बहीण, लातूरला एकट्या राहतात. दाजी गेल्यापासून त्यांनी पाठदुखीचं कारण काढून घराबाहेर पडणं सोडलं होतं. औशाजवळ त्यांचं शेत आहे, तिथंही गेल्या नव्हत्या. "तासभर बसले की आडवं व्हावं लागतं गं, शेतात कुठं आडवी होऊ?" असं म्हणायच्या. म्हणून मी बिछानाच शेतात न्यायचं ठरवलं, तोही येळवशीला. येळवस (वेळ अमावस्या) म्हणजे आमच्याकडचा शेतातला सण. त्या दिवशी लातूर शहर कुलूप लावून रानात जेवायला जातं.

लोह्यात चहाला थांबलो. एक शेतकरी घराभोवती फेरी मारून आला, पत्र्याला कान लावला.

"कोंबडीची पिल्लं कुठली हाईत?"

"पिल्लं नाहीत हो. आम्ही झोपतो यात."

"घरी जागा न्हाई व्हय?" तो सुनंदाकडं बघत हळहळला.

अहमदपूरला दोन बायकांनी कुल्फी मागितली. पुढं दोन्हीकडं ज्वारी आणि हरभरा हिरवागार पसरला होता. मी मात्र आरशातून मागंच बघत होतो.

लातूरला अक्का दारात आल्याच नाहीत. आतूनच म्हणाल्या, "दिगंबरराव, मी या डब्यात बसणार नाही." सुनंदा आत गेली. बहिणींचं काय बोलणं झालं ठाऊक नाही, पण थोड्या वेळानं अक्का उशी काखेत मारून बाहेर आल्या. गाडीत आमच्यासोबत बसल्या, औशापर्यंत उशी मांडीवरून हलवली नाही.

शेताची वाट अरुंद. गाडी वळेना, म्हणून घर सोडवून लिंबाच्या सावलीत उभं केलं, चाकांना दगड लावले. अक्कांनी बांधावरूनच शेताकडं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. "पाठ धरली," म्हणत घरात शिरल्या आणि दार ओढून घेतलं.

शेजारच्या रानातून गंगाधर आणि त्याची बायको काशीबाई आले. अक्कांचं शेत तेच बटईनं (निम्म्या वाट्यानं) करतात.

"मास्तर, हे काय आणलाव?" गंगाधरनं विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. झाकण उचललं आणि मोठ्या थाटात खण पूर्ण बाहेर ओढला. टाकी काठोकाठ भरलेली. वर मी एक हात टेकून, ऐटीत उभा. घर क्षणभर थबकलं, कुरकुरलं आणि पुढून असं वर उठलं की जोडायची दांडी आभाळाकडं. खण जमिनीवर आपटला, मसाल्याचा डबा उघडला, हळदीनं मी नवरदेव झालो.

आणि आत अक्का होत्या.

"अक्का!" सुनंदा किंचाळली. चांगल्या पाठीचीही वाट लागली असती, ही तर दुखरी. सुनंदानं दार ओढलं. अक्का पायाकडं घसरून जवळजवळ उभ्याच झाल्या होत्या, उशी छातीशी धरून. खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत.

अक्का हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, उचकी लागेपर्यंत.

"उलाळली!" त्या कशाबशा म्हणाल्या. (मागं ओझं जास्त झालं की बैलगाडी पुढून उचलते, ते उलाळणं.) "लग्नाच्या वरातीत यांनी आमची गाडी अशीच उलाळवली होती गं! याच बांधावर!"

गंगाधर दांडीला लोंबकळला, पण घर हललं नाही. मग काशीबाईनं पदर खोचला, दांडी खाली ओढली आणि सरळ तिच्यावर बसली. घर जागेवर आलं, पण आपटलेला खण काही आत सरकेना.

"आता काय करू? उठले तर पुन्हा वर जाईल," ती म्हणाली.

"बसा तुम्ही, मी चहा टाकतो," मी शेगडीकडं वळलो.

"येळवशीला रानात चहावर भागवताव? आमच्या कोपीत (कडब्याच्या खोपीत) समदं हाय!" गंगाधर म्हणाला.

शेगडी पेटलीच नाही. गंगाधरनं भज्जी (हरभरा, तुरीचे दाणे, पालेभाज्या घालून शिजवलेली घट्ट भाजी) आणि आंबील (ज्वारीच्या पिठाचं आंबट ताक) आणलं. आसपासच्या रानातले लोक जमले. दांडीवर आळीपाळीनं कुणीतरी बसायचं आणि जेवायचं. अक्का आडव्या झाल्याच नाहीत. काशीबाईचा हात धरून त्या ज्वारीतून विहिरीपर्यंत जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी लातूरहून नांदेडला परत निघालो तेव्हा अक्का आपल्या फाटकात उभ्या राहून शेजारणीला उलाळण्याचं नाटक करून दाखवत होत्या. कमरेतून मागं वाकून! गाडी सुरू करायचं मी विसरलोच. घर मी त्यांच्या आरामासाठी बांधलं होतं. तो काही त्यांना मिळाला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही.

घरी पोचताच मागं आधाराचे दोन लोखंडी पाय बसवले आणि अक्कांना फोन केला. "अक्का, आता काळजी नाही. कितीही ओझं ठेवा, उलाळणार नाही."

अक्का फटकन म्हणाल्या,

"मग मी कशाला येऊ?"