सासूबाईंची कुटलेली गोळी

मैत्रिणींनो, आज सकाळी सासूबाईंना डांबरासारखी काळी शौच झाली. धावत भंडाऱ्याला दवाखान्यात आणलं. अल्सरमधून रक्त जात असावं म्हणतात.

डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेर विचारलं, "ॲसिडची गोळी रोज देता ना?"

"हो. गिळता येत नाही म्हणून कुटून, मधातून."

"अहो, तिच्यावर आवरण असतं! कुटली की पोटातलं ॲसिडच तिला खराब करतं. मग ॲसिड कमी कसं होणार?"

महिनाभर देवाचं नाव घेऊन मीच कुटत होते.

आत गेले तर सासूबाई म्हणाल्या, "भेऊ नोको पोरी. तुया हातची गोळी घेऊन राहिली ना मी, काई नाई होत मले."

मी नुसतं त्यांचं पांघरूण नीट केलं. तुम्ही त्यांना खरं सांगितलं असतं का?