लपवलेली हातोडी

काल गोठ्याच्या फाटकाची गंजकी कडी ओढली आणि घामेजल्या तळव्याला लोखंडाचा वास राहिला. त्या वासानं मला थेट वडगाव निंबाळकरच्या शाळेत नेलं, आमच्या दहावीच्या निरोप समारंभाला.

आमची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. निरोपाच्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा दहावीनं द्यायची आणि नववीनं त्याआधी हातोडी लपवायची, अशी रीतच होती. हातोडी सापडली नाही तर दहावीची नाचक्की. नववीच्या पोरी लिंबाखालून ओरडत होत्या, "आक्का, चष्मा देऊ का?"

आम्ही चिडून सगळी शाळा पालथी घातली. पाण्याच्या टाकीमागं माझी मैत्रीण नंदा वाकलेली दिसली. हातोडी तिच्या हातात होती. मी ओरडणार, तोच तिनं ती पुन्हा विटांखाली सारली.

"अगं, नववी जिंकंल की!"

"जिंकू दे," नंदा म्हणाली. "घंटा झाली की घरी जावं लागंल. आज मला बघायला पाव्हणं येणार हायेत."

तिच्या तळव्यावर गंजाचा लाल पट्टा उमटला होता. ती लाजतीय, असंच मला तेव्हा वाटलं.

शेवटी शिपाईमामांनी दगड उचलला आणि त्यानंच घंटा दिली. नववीनं एकच कल्ला केला.

नंदा परीक्षेला आलीच नाही. हातोडी लपवली तरी घंटा व्हायची राहत नाही, हे आम्हा सगळ्यांच्या आधी तिला कळलं.